सिंधूची जबानी आणि कलम ६४ अ : व्यसनी आरोपीच्या उपचाराचा प्रश्न

गोषवारा : व्यसनाधीन आरोपीला खटल्याच्या वाटेवरून उपचाराच्या वाटेकडे वळविण्याची तरतूद भारतीय कायद्यात आहे, परंतु ती क्वचितच वापरली जाते. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक, अनिल अवचट यांचे 'गर्द' हे पुस्तक आणि अमली पदार्थविषयक १९८५ च्या अधिनियमातील कलमे ३९ व ६४ अ यांचे एकत्र वाचन प्रस्तुत लेखात केले आहे. व्यसनी माणसाच्या घसरणीविषयी मराठी साहित्याला जे कळले, ते कायद्याच्या भाषेत उतरले नाही, हे या वाचनातून दाखविण्याचा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : व्यसन, आरोपी, खटलापूर्व वळण, उपचार-न्यायालय, एकच प्याला, गर्द, नाशिक.

प्रस्तावना

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकरोडजवळील शिंदे गावात एका कारखान्यावर छापा घातला आणि मेफेड्रॉन या अमली पदार्थाचा शंभर किलोंहून अधिक साठा जप्त केला. त्याची किंमत शेकडो कोटी रुपये सांगण्यात आली. त्यानंतर कित्येक आठवडे नाशिकच्या सार्वजनिक चर्चेत किलो आणि कोटी हे दोनच शब्द प्रामुख्याने ऐकू येत होते. कारखाना कोणाचा, आश्रय कोणाचा, माल कोठे जात होता, हे प्रश्न रास्तच होते. मात्र हा पदार्थ अखेर ज्याच्या शरीरात जातो तो माणूस या चर्चेत फारसा कोठे नव्हता. रस्त्यावर 'एमडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थाची कायद्याने ठरविलेली 'अल्प मात्रा' दोन ग्रॅम आहे. शंभर किलो आणि दोन ग्रॅम यांमधील अंतर केवळ वजनाचे नाही. कारखानदाराचा विचार करणारा कायदा आणि खिशात एक पुडी सापडलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचा विचार करणारा कायदा एकाच अधिनियमाच्या दोन टोकांना आहेत, आणि दुसऱ्या टोकाकडे समाजाचे सहसा लक्ष जात नाही.

या दुसऱ्या टोकावरील आरोपीसाठी जगात काही पर्याय उभे राहिले आहेत. खटला उभा राहण्यापूर्वीच त्याला उपचाराकडे वळविणे हा एक. खटला न्यायालयातच ठेवून न्यायाधीशाच्या देखरेखीखाली उपचार चालविणे हा दुसरा. पहिल्यास खटलापूर्व वळण आणि दुसऱ्यास उपचार-न्यायालय असे म्हणता येईल. मराठी वाचकाला या संकल्पना परक्या वाटतील. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न परका नाही. दारूने कह्यात घेतलेला माणूस गुन्हेगार की रोगी, हा प्रश्न मराठी रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वी विचारला आणि त्याचे उत्तर न देताच पडदा पाडला.

सुधाकरची सनद

'एकच प्याला'चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास केला. त्यापूर्वी महिनाभर आधीच, २३ जानेवारीस, गडकरी यांचे निधन झाले होते. दारूच्या दुष्परिणामांचे नाटक अशी त्याची ओळख इतकी रुळली आहे की, त्याचा नायक वकील आहे या गोष्टीकडे वाचक केवळ कथानकातील एक तपशील म्हणून पाहतो. वास्तविक नाटकाची सुरुवातच न्यायालयातील अपमानापासून होते. सुधाकरची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. त्या रिकामपणात आणि मानभंगात तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला ठेवतो. पुढे दारूपायी ती सनद कायमची जाते. सुधाकरचे व्यसन ज्या संस्थेला जवळून दिसू शकत होते, ती संस्था न्यायालय होय. न्यायालयाने त्यावर केलेली कृती एकच : त्याला दाराबाहेर काढणे. तत्कालीन न्यायव्यवस्थेकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नव्हती, हे खरे. तथापि नाटककाराने ही घटना कथेच्या मुळाशी ठेवली आहे, तेव्हा समीक्षकाने ती ओलांडून जाणे योग्य नव्हे.

उपचाराबद्दलही गडकरी यांची भूमिका लक्षात घेण्यासारखी आहे. आजारी तळीरामाभोवती वैद्य आणि डॉक्टर यांचा जो प्रवेश नाटकात येतो, तो निखळ प्रहसनाचा आहे. दोघेही आपापल्या शास्त्राच्या फुशारकीत मग्न असून रोग्याकडे कोणाचेच लक्ष नाही. प्रेक्षक पोट धरून हसतात. पण या हसण्याचा एक अर्थ असाही आहे की, १९१९ च्या मराठी समाजाला व्यसनावर काही औषधोपचार असू शकतो ही कल्पना गंभीरपणे घेण्याजोगी वाटत नव्हती. उरतो तो निश्चय. सुधाकर निश्चय करतोही. दारू सोडतो, काम मागत फिरतो, जागोजागी अपमान पदरी घेतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. व्यसन सुटल्यानंतरची घसरण ही व्यसनाच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक वेळ असते, हे गडकरी यांनी ज्या अचूकतेने टिपले आहे त्याला तोड नाही. मात्र त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष टोकाचा आहे. एकदा लागलेली दारू सुटूच शकत नाही, असे नाटक सुचविते. निरीक्षण खरे आणि निष्कर्ष चुकीचा, असा हा दुर्मीळ प्रकार आहे.

सिंधूची जबानी

नाटकाच्या अखेरीस सुधाकरच्या हातून, दारूच्या अमलात, स्वतःच्या मुलाचा मृत्यू होतो आणि सिंधू मरणोन्मुख होते. फौजदार येतो. सिंधू आपल्या जबानीत हा अपघात असल्याचे सांगून पतीला कायद्याच्या हातून सोडविते. सिंधूच्या पातिव्रत्याच्या बाजूने आणि विरुद्ध मराठी समीक्षेने भरपूर लिहिले आहे. स्त्रीवादी दृष्टीने या प्रसंगावर घेतलेले आक्षेप तर आजही तितकेच बिनतोड आहेत. परंतु कायद्याच्या बाजूने पाहिले असता याच प्रसंगाचे आणखी एक रूप दिसते. आरोपीला खटल्यापासून वळविण्याची ही मराठी साहित्यातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध घटना होय. हे वळण देणारी व्यक्ती न्यायाधीश नाही, डॉक्टर नाही; ती स्वतः पीडित आहे. तिच्याजवळ असलेले एकमेव साधन म्हणजे खोटे बोलणे. आणि या वळणाच्या पलीकडे सुधाकरसाठी काहीही नाही. खटला टळतो, व्यसन तसेच राहते. कायद्याच्या हातून सुटलेला सुधाकर विषाच्या प्याल्याकडे जातो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बालकाच्या मृत्यूसारख्या कृत्यानंतर आरोपीला केवळ उपचारावर सोडावे, असे कोणतीही उपचार-न्यायालय व्यवस्था म्हणत नाही. हिंसक गुन्हे सामान्यतः तिच्या कक्षेबाहेर ठेवले जातात. भारतीय कायद्यातही स्वतःहून केलेली नशा हा बचाव होत नाही. भारतीय दंड संहितेतील कलमे ८५ व ८६ यांची ही भूमिका १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलमे २३ व २४ यांनी तशीच पुढे चालविली आहे. तेव्हा शेवटच्या अंकातील सुधाकरला आजही खटल्याला तोंड द्यावेच लागेल. प्रश्न शेवटच्या अंकाचा नाहीच. सनद जाते त्या दिवसाचा आहे.

'गर्द' आणि रोग्याचा जन्म

सिंधूनंतर सुमारे पासष्ट वर्षांनी मराठीत व्यसनी माणसाचे दुसरे महत्त्वाचे चित्र आले. १९८० च्या दशकाच्या मध्यास ब्राऊन शुगर हा पदार्थ महाराष्ट्राच्या शहरांत पसरला आणि त्याला 'गर्द' हे नाव मिळाले. अनिल अवचट यांनी या विषयावर केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यास येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी १९९७ मधील आपल्या निधनापर्यंत ते वाढविले. एखाद्या गद्यलेखनाने थेट एक रुग्णालय उभे करावे, असे मराठीत वारंवार घडलेले नाही.

अवचट स्वतः वैद्यकीय पदवीधर होते. परंतु त्यांच्या लेखनात डॉक्टरी अधिकाराचा सूर नाही. ते ऐकतात आणि लिहून ठेवतात. गर्द मिळाली नाही म्हणजे शरीराची जी तडफड होते तिला व्यसनी मुले 'टर्की' म्हणतात, हा शब्द मराठी वाचकाच्या कानी पडला तो याच काळात. नाटकात तळीराम विनोदी होता, सुधाकर भव्य होता. येथे भव्यता नाही आणि विनोदही नाही. घरातील भांडी विकणारा मुलगा आहे आणि दाराला कुलूप लावणारी आई आहे. व्यसन हा दुर्गुण नसून आजार आहे, हे विधान शास्त्रीय ग्रंथांत त्यापूर्वीही होते. मराठी मध्यमवर्गाला ते पटले ते या लेखनामुळे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. मुक्तांगणच्या कार्यपद्धतीतही घसरण ही अपात्रता ठरली नाही. पुन्हा प्यायलेला माणूस पुन्हा येऊ शकतो, एवढेच नव्हे तर व्यसनातून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्याचा समुपदेशक होऊ शकतो, हे तेथे घडले. गडकरी यांच्या निरीक्षणाला असे उत्तर मिळाले.

एक उणीव मात्र नोंदवावी लागते. या परंपरेतील लेखनाचे बळ कुटुंब आणि उपचारकेंद्र यांच्या चित्रणात आहे. कुटुंबाने आणलेला, अथवा निदान कुटुंबाशी धागा उरलेला रोगी तिच्या केंद्रस्थानी राहिला. ज्याला कोणी घेऊन येत नाही, ज्याला प्रथम पोलीसच घेऊन जातात, त्याची गोष्ट मराठीत अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही. 'गर्द'मधील मुलगा आणि कोठडीतील मुलगा अनेकदा एकच असतो.

कायद्याचे वाचन

अमली पदार्थविषयक अधिनियम संसदेने १९८५ साली संमत केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. मुक्तांगणचे दार उघडण्यापूर्वी जेमतेम नऊ महिने. म्हणजे महाराष्ट्राने व्यसनी माणसाला रोगी मानण्यास सुरुवात केली त्याच सुमारास देशाने त्याला गुन्हेगार ठरविणारा कठोर कायदा स्वीकारला होता. या कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा आहे. २००१ च्या दुरुस्तीनंतर कोकेन, मॉर्फिन, हेरॉईन यांच्या सेवनास एक वर्षापर्यंत आणि इतर पदार्थांच्या सेवनास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

याच कायद्यात दोन खिडक्या आहेत. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीचे वय, वर्तन, प्रकृती पाहून, तिच्या संमतीने, न्यायालय तिला शिक्षेऐवजी शासकीय वा शासनमान्य रुग्णालयात उपचारासाठी बंधपत्रावर पाठवू शकते. एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयापुढे आला पाहिजे. कलम ६४ अ त्याच्याही अलीकडे जाते. १९८९ साली घातलेले आणि २००१ साली नव्या रूपात आलेले हे कलम सांगते की, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालणार नाही. पूर्ण उपचार न घेतल्यास हे संरक्षण काढून घेता येते. खटलापूर्व वळण म्हणतात ते हेच.

साहित्याच्या अभ्यासकाने कलमातील दोन शब्दांवर थांबावे. पहिला, 'स्वेच्छेने'. नुकतीच अटक झालेल्या, शरीर तडफडत असलेल्या माणसाची इच्छा म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, पण त्याचे उत्तर दंडाधिकाऱ्याला सकाळच्या पहिल्या तासात द्यावे लागते. सुधाकरनेही दारू स्वेच्छेनेच सोडली होती. दुसरा शब्द, 'पूर्ण'. व्यसनाचा उपचार पूर्ण झाला, असे कोणी, कधी म्हणावे? महिना-दीड महिन्याचे निवासी उपचार संपले म्हणजे पूर्ण, की पुन्हा घसरून पुन्हा उभे राहिल्यावर पूर्ण? कायद्याने उपचाराची कल्पना हाड मोडल्यावर प्लास्टर घालावे तशी केली आहे; ठरावीक दिवस गेले की काम झाले. गडकरी यांचा चौथा अंक वाचलेल्या कोणासही ही कल्पना भाबडी वाटेल. कलम ३९ मधील वर्षाच्या आतील एक अहवाल हीसुद्धा त्याच भाबडेपणाची खूण आहे.

ही खिडकी उघडते कोणासाठी, हेही पाहण्यासारखे आहे. २००१ साली मुंबईत अटक झालेल्या एका हिंदी चित्रपट अभिनेत्याने व्यसनमुक्तीचे उपचार घेतले आणि २०१२ साली विशेष न्यायालयाने त्यास कलम ६४ अ चे संरक्षण दिले. या निकालात वावगे काही नाही. कलम नेमके याचसाठी आहे. पण चांगले वकील उपलब्ध असलेल्या आरोपीलाही तेथवर पोहोचण्यास अकरा वर्षे लागली. कलमाचे अस्तित्वच ठाऊक नसलेल्या आरोपीबद्दल वेगळे काय सांगावे?

भेसळीचे वजन

या खिडकीचा आकार वजनावर ठरतो. १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेनुसार हेरॉईनची अल्प मात्रा पाच ग्रॅम, चरसची शंभर ग्रॅम, गांजाची एक किलो. वजन कशाचे करायचे, शुद्ध द्रव्याचे की पुडीतील सगळ्या मिश्रणाचे, हा वाद दीर्घकाळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ई. मायकेल राज प्रकरणात शुद्ध द्रव्याचे वजन धरले होते. एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात ती भूमिका रद्द होऊन संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असे ठरले. विक्रेते भेसळीच्या आड लपू नयेत, हा यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र विचित्र होतो. रस्त्यावरची गर्द भेसळीचीच असते; माणूस जितका गरीब तितकी पुडी अधिक भेसळीची. पाच ग्रॅमहून थोडे अधिक मिश्रण बाळगणाऱ्याच्या पुडीत हेरॉईन कितीही कमी असो, तो अल्प मात्रेच्या रेषेपलीकडे जातो आणि उपचाराची खिडकी त्याच्यासाठी बंद होते. फसविला गेलेला गिऱ्हाईक फसवणुकीच्या वजनाने अधिक मोठा गुन्हेगार ठरतो.

त्यात जामिनाची भर पडते. या अधिनियमाखालील सर्वच गुन्हे अजामीनपात्र आहेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटले. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. पण तो हक्काने मिळत नाही, मागावा लागतो, आणि मागण्यासाठी वकील व हमीदार लागतो. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे भारतातील तुरुंगांत असलेल्या बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांचा दोष अद्याप सिद्ध झालेला नाही. उपचाराला पाठविण्याऐवजी आपण माणसाला निकालाची वाट पाहायला पाठवितो.

मायामीचा धडा आणि त्याच्या मर्यादा

१९८९ साली अमेरिकेतील मायामी येथे पहिले अमली पदार्थ उपचार-न्यायालय सुरू झाले. त्यामागे करुणेपेक्षा हतबलता अधिक होती. तेच आरोपी त्याच आरोपांखाली पुनःपुन्हा येत होते आणि तुरुंग भरले होते. तेथील नवी गोष्ट एवढीच की, न्यायाधीश आरोपीला वरचेवर बोलावू लागला. चाचणीत काय निघाले, उपचारकेंद्रात गेलास का, काम मिळाले का? घसरण झाली तर सौम्य दंडक, पुन्हा संधी. ही पद्धत पुढे हजारोंच्या संख्येने पसरली. भारतीय न्यायालयांना तारीख देण्याचे शिक्षण द्यावे लागणार नाही, असे कोणी उपहासाने म्हणेल. पण उपचार-न्यायालय म्हणजे खरोखरच प्रश्न विचारणारी तारीख, याहून वेगळे काही नाही.

या पद्धतीवरील आक्षेपही गंभीर आहेत. अनेक ठिकाणी आरोपीला आधी गुन्हा कबूल करावा लागतो. उपचारात अपयश आले की कबुली तयारच असते. ज्याला यश मिळण्याची शक्यता आहे अशालाच निवडून घेण्याचा मोह होतो. न्यायाधीश वैद्यकीय निर्णयांत हस्तक्षेप करू लागतो. भारतात आणखी एक धोका संभवतो. 'व्यसनमुक्ती केंद्र' या पाटीमागे मारहाण आणि कोंडून ठेवणे चालत असल्याच्या घटना वेळोवेळी उघडकीस आल्या आहेत. अशा ठिकाणी पाठविणे हा उपचार नव्हे, दुसरी कोठडी होय. आणि पहिल्या कोठडीला निदान नियमपुस्तिका असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे. त्यामुळे अशा केंद्रांवर नोंदणीचे आणि रुग्णहक्कांचे बंधन येते. ते प्रत्यक्षात कितपत पाळले जाते यावर सारे अवलंबून आहे.

दारूची स्थिती तर याहून चमत्कारिक आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याविना मद्यसेवन महाराष्ट्रात आजही गुन्हा आहे, तर २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने नाशिक जिल्ह्यात, विंचूरसारख्या ठिकाणी, वाइन उद्योगास उत्तेजन दिले. कलम ६४ अ मात्र दारूला लागू नाही. सुधाकरला ते नाशिकमध्ये आजही मिळाले नसते.

नाशिकपुरते पाहता

राज्याच्या पोलीस अधिकाऱ्यांना घडविणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी आणि राज्यातील वैद्यकीय शिक्षणाचे नियमन करणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, ही दोन्ही नाशिकमध्ये आहेत. अटक करणारा आणि उपचार करणारा अशा दोघांच्या शिक्षणाची सूत्रे एका शहरात असणे हा योगायोग असेल. तो वाया घालविण्याचे कारण नाही. पोलीस प्रशिक्षणार्थीला 'टर्की' ओळखता आली आणि निवासी डॉक्टरला कलम ३९ खालील अहवाल कसा लिहावा हे ठाऊक असले, तर नवा कायदा न करताही पुष्कळ साधेल.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची अमली पदार्थांच्या बळींसाठी २०१५ ची योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील पहिल्या रिमांडच्या वेळी उपस्थित राहू शकतात. कलम ६४ अ चा विचार करावयाचा तो याच घटकेला. आरोपीला न्यायालयापुढे उभे केले जाते, सरकारी पक्ष कोठडी मागतो, दंडाधिकारी मारहाणीची तक्रार आहे का असे विचारतात. त्याच ओळीत आणखी एक प्रश्न बसू शकतो : तुला हे सुटावे असे वाटते का, आणि त्यासाठी रुग्णालयात जाण्याची सोय कायद्यात आहे हे कोणी तुला सांगितले आहे का? उत्तर नोंदीवर घ्यावे. पंधरा दिवसांनी, पुढच्या तारखेस, आरोपी घसरलेला असला तरीही तोच प्रश्न पुन्हा विचारावा. न्यायालयाच्या आवारात डबा घेऊन थांबलेल्या त्याच्या आईला वा पत्नीला त्या दिवशी तरी त्याच्यासाठी खोटी जबानी द्यावी लागणार नाही.